चोवीस पेंढ्यांतली एक ओंबी

तर मंडळी, मी सुरुवात एका हिशोबाने करते. चोवीस पेंढ्यांमागे एक ओंबी, तीसुद्धा कधीतरी. हा हिशोब स्कॉटलंडमधल्या एका तरुण शेतकऱ्याने १७८५ च्या नोव्हेंबरात एका उंदरासमोर मांडला. नांगरता नांगरता फाळाच्या पुढचं पातं उंदराच्या घरट्यातून गेलं, घरटं उधळलं, उंदीर पळाला आणि हा माणूस तिथेच थांबून त्याच्याशी बोलायला लागला. म्हणाला, तू चोरी करतोस हे मला माहितीये, पण तुलाही जगायचंय ना, चोवीस पेंढ्यांतली एखादी ओंबी म्हणजे काही फार मागणं नाही, उरलेल्यात माझं भागेल, वर बरकतही येईल. 'डेमन इकर इन अ थ्रेव्ह' असे त्याचे शब्द आहेत. थ्रेव्ह म्हणजे चोवीस पेंढ्यांचं माप, इकर म्हणजे ओंबी, डेमन म्हणजे क्वचित. लंडनच्या वाचकालाही हे शब्द समजावून सांगावे लागायचे. पण आपल्याकडे ज्याने खळ्यावर पाखरांचा वाटा सोडलेला पाहिलाय त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

हा शेतकरी म्हणजे रॉबर्ट बर्न्स. जन्म २५ जानेवारी १७५९, एअरशायरमधलं ॲलोवे नावाचं खेडं, वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं मातीचं घर. आज त्याला स्कॉटलंडचा राष्ट्रकवी म्हणतात आणि जगभर त्याचा वाढदिवस साजरा होतो. मला आज एवढंच बोलायचंय की हे 'राष्ट्र' त्याच्या कवितेत नेमकं कुठे आहे. कारण लोक ते चुकीच्या ठिकाणी शोधतात असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

लोक शोधतात कुठे, तर चौकड्यांच्या कापडात, व्हिस्कीत, बॅगपाइपमध्ये आणि हॅगिसमध्ये. हॅगिस म्हणजे मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस बारीक करून ओटच्या भरड्याबरोबर तिच्याच पोटाच्या पिशवीत शिजवायचं, आपल्या वजडीच्या जवळचा प्रकार. बर्न्सने त्याच्यावर कविता लिहिली आणि आता त्याच्या वाढदिवसाच्या जेवणात हॅगिस वाजतगाजत आणतात, समोर ती कविता म्हणतात. पण ही कविता कुठल्या काळात आली ते बघा. १७५५ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन्सनचा मोठा शब्दकोश आला, त्यात ओट या शब्दाचा अर्थ असा दिलाय की हे धान्य इंग्लंडमध्ये सहसा घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडमध्ये माणसं त्यावर जगतात. १७०७ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडमध्ये विलीन झालेली, एडिंबरोतले शिकलेले लोक आपल्या बोलण्यातले स्कॉटिश शब्द निवडून काढून टाकायच्या मागे, अशा वेळी एक शेतकरी उठतो आणि गरिबाच्या ताटातल्या त्याच ओटचं, त्याच पोटाच्या पिशवीचं कौतुक त्याच बोलीत मोठ्याने गातो. ज्यांनी हॉस्टेलवर भाकरीचा डबा लपवून उघडलाय त्यांना हे लगेच कळेल.

पण माझ्या मते बर्न्सचा खरा देश याच्याही खाली आहे. बर्न्सचा देश म्हणजे खंडाची, म्हणजे भाड्याने कसायला घेतलेली जमीन. आपल्याकडे कुळकायदा येईपर्यंत कुळाची जी अवस्था होती ना, तीच या घराची. वडील विल्यम बर्न्स, आयुष्यभर दुसऱ्याची जमीन कसली, एक शेत सोडून दुसरं, दुसरं सोडून तिसरं, प्रत्येक वेळी जमीन हलकी आणि खंड भारी. पंधराव्या वर्षी रॉबर्ट शेतावरचा मुख्य गडी होता. जमीनदाराच्या कारभाऱ्याची धमकीची पत्रं यायची आणि घरातले सगळे रडायचे, हे त्याने स्वतः नंतर एका पत्रात लिहून ठेवलंय. शेवटी वडिलांचा जमीनदाराशी खटला चालला, पार एडिंबरोच्या वरच्या कोर्टापर्यंत गेला, जानेवारी १७८४ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला, आणि फेब्रुवारीत वडील गेले. खटल्यात सगळं संपलं होतं.

आता पुन्हा उंदराकडे या. पुढच्याच वर्षीची ती कविता आहे. घरटं मोडलं तो महिना नोव्हेंबर, म्हणजे नवं बांधायला हिरवं गवत उरलेलं नाही आणि समोर डिसेंबरचं वारं. कवी उंदराला सांगतो की ही एवढीशी काडीकचऱ्याची रास जमवायला तुला किती कुरतडावं लागलं असेल, आणि आता तुला ना घर ना थारा. हे निसर्गप्रेम म्हणून शिकवतात, मीसुद्धा कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. पण हा घरातून निघायची वेळ आलेल्या कुळाचा आवाज आहे. फरक एवढाच की इथे पातं त्याच्या स्वतःच्या हातात आहे, तो उंदराचा जमीनदार झालाय आणि त्याला ते कळलंय, म्हणून तो माफी मागतो. या माफीमुळे ही कविता मला फार मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट. या कवितेत दुसरं कडवं जवळजवळ शुद्ध इंग्रजीत आहे. माणसाच्या सत्तेने निसर्गातलं सख्य मोडलं, असं तिथे तो पुस्तकी भाषेत म्हणतो. आणि लगेच पुढच्या कडव्यात ओंबी आणि पेंढीचा हिशोब, तो मात्र ठेठ बोलीत. म्हणजे याला दोन्ही भाषा येत होत्या. १७८६ मध्ये किल्मार्नॉकला त्याचं पहिलं पुस्तक छापलं, ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग, महिन्याभरात जवळजवळ संपल्या, तेव्हा एडिंबरोच्या एका समीक्षकाने त्याला देवानेच शिकवलेला नांगऱ्या म्हटलं. लोकांना ते फार आवडलं. पण ते खरं नाहीये. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून पोरांसाठी मास्तर ठेवला होता, याने शेक्सपिअर, इंग्रजी कवी पोप सगळं वाचलेलं. बोली ही त्याची लाचारी नव्हती, दोन्ही भाषा समोर ठेवून त्याने कुठे कुठली वापरायची ते ठरवलं.

इथे मला बहिणाबाई आठवतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, बर्न्सला येत होतं, त्यामुळे दोघांना सरळ एका ओळीत बसवणं मला पटत नाही. पण १९५२ साली बहिणाबाईंची गाणी छापून आली तेव्हा 'आधी हाताले चटके, तंव्हा मियते भाकर' यातलं 'मियते' कोणी 'मिळते' करून छापलं नाही हे किती बरं झालं. 'मिळते' म्हटलं की ती ओळ सुभाषित होते. 'मियते' म्हटलं की खान्देशातली चूल दिसते, तव्यासकट.

एक अडचणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७९५ मध्ये ज्याने 'माणूस तो माणूसच' हे गाणं लिहिलं, म्हणजे हुद्दा हा फक्त नाण्यावरचा शिक्का आहे आणि सोनं म्हणजे माणूस, असं म्हणणारं, तोच बर्न्स १७८६ मध्ये जमैकाला जायला निघाला होता, गुलामांच्या मळ्यावर हिशोबनीस म्हणून. कर्ज, पोटाची चिंता, गावात बदनामी, कारणं सगळी समजतात, तरी ते होतंच. पुस्तक खपलं म्हणून गेला नाही. मी हे झाकत नाही, कारण मग त्या गाण्याचं वजन आपल्याला कळणार नाही. ते गाणं छापून आलं तेव्हा त्यावर त्याचं नावही नव्हतं, कारण तोवर तो सरकारी अबकारी खात्यात नोकरीला होता, घरी पोरंबाळं. पुढच्याच वर्षी तो गेला, वय ३७. आणि १९९९ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट परत सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला तेच गाणं गायलं गेलं. राणी समोर बसलेली.

बर्न्सचं 'ऑल्ड लँग साइन' तर तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, नाव माहीत नसेल कदाचित. खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेडच्या शेवटी मुलं संथ पावलं टाकत बाहेर पडतात ती याच धूनवर. टागोरांनी ती चाल घेऊन 'पुरानो शेइ दिनेर कथा' लिहिलं. बर्न्स स्वतः म्हणायचा की हे जुनं गाणं, मी एका म्हाताऱ्याकडून ऐकून उतरवलं. त्यातले दोन मित्र लहानपणी ओढ्यात सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत डुंबलेत, टेकडीवर फुलं तोडलीत, आणि आता त्यांच्यामध्ये समुद्र गरजतोय. गाव सोडून बोटीने दूर गेलेल्या स्कॉटिश माणसांचंच हे गाणं, आणि दुबईला किंवा न्यू जर्सीला पोरगा असलेल्या घरात वेगळं काय असतं?

उंदराच्या कवितेचा शेवट सांगते आणि थांबते. कवी म्हणतो, तरी तू माझ्यापेक्षा सुखी, तुला फक्त आत्ताचं दुखतं, मी मागे बघतो तर सगळं उदास, आणि पुढचं मला दिसत नाही, पण अंदाज करतो आणि भितो. माझे वडील कूळ होते, चौथीपर्यंत शिकलेले. बी.ए.ला असताना मी सुट्टीत ही कविता त्यांना आमच्या बोलीत सांगितली होती, रात्री, ओसरीवर. ते ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते शेवटच्या ओळीवर काहीतरी बोलतील, खंडाच्या काळाबद्दल वगैरे. पण बराच वेळ गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, मग त्या उंदराचं पुढं काय झालं गं? कवितेत ते नाहीये.