चिंतामणरावांचा जानेवारी

नमस्कार मंडळी. तिळगूळ खाऊन झाल्यावर भाषण ऐकायला लावणं हा तसा अन्यायच. पण आज १४ जानेवारी आहे. १८९६ साली याच तारखेला महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले.

आपल्याला सी. डी. देशमुख ठाऊक असतात ते मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात मात्र हे गृहस्थ वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकत होते. १९१७ साली वनस्पतीशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवलं. आणि मॅट्रिकला शंकरशेट शिष्यवृत्ती कशात, तर संस्कृतात! (सायन्स की आर्ट्स यावर घरी वाद घालणाऱ्या पालकांनी ऐकून ठेवा.) पुढे आयसीएस, मध्य प्रांतातली नोकरी, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० साली अर्थमंत्री.

त्यांना शास्त्रज्ञ म्हणणं थोडं ओढूनताणून होईल. सनदी नोकरीनं ती वाट बंद केली. पण आधी नीट निरखायचं, मगच हात घालायचा, ही सवय गेली नसावी. १९५६चा जानेवारी बघा.

१६ तारखेला नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं, मुंबई केंद्रशासित होणार. शहर पेटलं, गोळीबारात माणसं मेली. देशमुख कुलाब्याचे (म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे) खासदार. ही त्यांच्या घरचीच आग. आणि १९ तारखेला रेडिओवर आवाज कोणाचा? त्यांचाच. आयुर्विमा व्यवसाय सरकार ताब्यात घेत आहे, हे सांगायला ते आले होते. देशी कंपन्या १५४, परदेशी १६, शिवाय छोट्या रकमांचा विमा उतरवणाऱ्या ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या. आधी कुणकुण लागली असती तर पैसे इकडचे तिकडे झाले असते, म्हणून बेत अगदी मोजक्या लोकांत ठेवला होता. आधी वटहुकमानं फक्त व्यवस्थापन घेतलं, मालकीचा कायदा नंतर.

मनात मुंबईचं काहूर असताना हे काम त्यांनी तडीस नेलं. राजीनाम्याचं पत्र त्याच महिन्यात नेहरूंकडे गेलं. तरी २९ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला तो देशमुखांनीच. काहींना ही चालढकल वाटते. मला वाटत नाही. हातातलं काम अर्धवट टाकून निघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जुलैत ते बाहेर पडले आणि लोकसभेत नेहरूंसमोर उभं राहून बोलले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर झालाच नाही, हा त्यांचा आक्षेप. नेहरूंच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस आहे, हेही सुनावलं. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही, हेही विचारलं.

आयुर्विमा महामंडळ सुरू झालं १ सप्टेंबर १९५६ला. तेव्हा अर्थखातं दुसऱ्यांकडे होतं. या सभागृहातल्या कितीतरी जणांच्या पहिल्या विमानतिकिटासाठी वडिलांनी एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं असेल. माझ्या तरी काढलं होतं.