पन्नास लिटरमध्ये थंडी

(दृश्य: म्हापसा, शुक्रवारचा बाजार. बाजूच्या गल्लीत गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान.)

डिसेंबरात म्हापशाची रात्र वीस अंशांच्या आसपास राहते. स्वेटर काढावा की नाही, यावर घरात चर्चा होते. त्याच महिन्यात गोव्यातले काही ट्रेकर निजामुद्दीनची गाडी पकडून उत्तराखंडात केदारकंठाला निघतात. उंची ३,८१० मीटर, पायाखाली बर्फ, रात्री पारा शून्याखाली. पाठीवर मात्र तीच ५० लिटरची सॅक, जी पावसाळ्यात दूधसागरच्या बाजूला फिरलेली असते. तिलाच हिवाळ्यासाठी शिवून घ्यायचं, म्हणून हे दुकान.

हिवाळी सामान जड असण्यापेक्षा फुगीर असतं, खरी अडचण तिथे आहे. स्लीपिंग बॅगची गुंडाळी ३० सेंटीमीटर जाड आणि ४० सेंटीमीटर लांब असली, तर ती एकटीच २८ लिटर जागा खाते. आवळून जाडी २० वर आणली, की साडेबारा लिटर. म्हणून आधी आवळणारी पिशवी, मग सुई-दोरा. पिसांचं जॅकेट मुकाट्याने दबतं. सिंथेटिक भरण हट्टी.

(दृश्य: कारागीर सॅकच्या बुडाची शिवण उसवतो.)

एवढं करूनही जे उरतं, त्यासाठी बाहेर पट्टे लागतात. हे काम घरच्या मशीनवर रेटू नये. सीट कव्हरवाल्याकडे जाड सुई, नायलॉनचा दोरा आणि रेक्झिनच्या चार पदरांतून जाणारं मशीन असतं.

"काका, पट्टा वरून कापडावरच मारला तर?"
"मार की. पहिल्याच हिसक्याला कापडासकट हातात येईल."

पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत जातं आणि ओढ पूर्ण शिवणीवर वाटली जाते. शिवण नसेल तिथे आतून जाड कापडाचं ठिगळ, वर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप. इंचभर रुंदीचा नायलॉनचा पट्टा पुरतो. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचं, नाहीतर धागे सुटतात. शिवलेल्या जागी आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, लावला, तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही.

बुडाला दोन पट्टे: त्यांत फोमची चटई. ती पाणी पीत नाही, बाहेर राहिली तरी चालते. स्लीपिंग बॅग बाहेर टांगणं मात्र मला पटत नाही, भिजली की रात्र गेली. समोर रुंद कापडाचा एक उघडा कप्पा, दोन्ही बाजूंनी बकलवर आवळणारा. चालताना अंगावरून उतरवलेलं जॅकेट त्यात कोंबता येतं. बुटांना लावायचे लोखंडी काटे त्याच कप्प्यात टाकाल, तर जॅकेट फाटेल. त्यांना जाड रेक्झिनची वेगळी थैली.

(दृश्य: भरलेली सॅक पाठीवर. बाजूने.)

आता भरण्याची गंमत. कप्पा बाहेर आला म्हणून जड वस्तू तिथे गेली, की सॅक माणसाला मागे खेचते आणि तो कंबरेत वाकून चालायला लागतो. शिधा, स्टोव्ह, पाणी पाठीला चिकटून. बाहेर फक्त हलकं आणि फुगीर.

चाचणी दुकानातच होते. लोकरीचे हातमोजे चढवून प्रत्येक बकल उघडायचं. म्हापशाच्या उकाड्यात हा प्रकार बघायला शेजारचे दुकानदार जमतात. बोटांत येत नाही त्या चेनच्या पकडीला दोरीचा फास, आणि जो पट्टा ओढता येत नाही त्याचं टोक आणखी वीतभर लांब.