घंटा गप्प आहे

नमस्कार श्रोतेहो.

आज शनिवार. उद्या ईस्टर, येशू मरणातून उठल्याचा सण. आमच्या वसईतल्या चर्चची घंटा गुरुवारच्या रात्रीपासून गप्प आहे. एरवी ती पहाटे वाजते, दुपारी बाराला वाजते, दिवेलागणीला वाजते. गावातल्या जुन्या बायका अजून तिच्या ठोक्यावर भाताचं आधण ठेवतात. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, देवाच्या गौरवाचं स्तोत्र सुरू झालं की ती एकदा भरभरून वाजते, आणि मग ईस्टरच्या जागरणात तेच स्तोत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तिचा दोर कुणी ओढत नाही. मधे कधी खूण करायची वेळ आलीच तर लाकडावर लाकूड आपटतात. खट्, खट्, असा कोरडा आवाज. लहानपणी मला वाटायचं, आत कुणीतरी शवपेटी ठोकतंय.

घंटेच्याही आधी एक शब्द गप्प होतो. ‘आलेलुया’. मूळ हिब्रू शब्द, ‘परमेश्वराची स्तुती करा’ असा अर्थ. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागते आणि त्या दिवसापासून हा शब्द आमच्या उपासनेतून काढून घेतला जातो. रविवार सोडून मोजले तर चाळीस दिवस. या दिवसांत मटणमासळी सोडणारे खूप आहेत, दारू सोडणारे थोडे कमी. पण न बोलताच सगळ्यांनी सोडलेली गोष्ट म्हणजे हा एक शब्द. तो आज रात्री परत येईल.

म्हणून मला ईस्टर हा कानांचा सण वाटतो. रेडिओवर बोलायला बसलोय म्हणून हे सुचलं, असं तुम्ही म्हणाल. थोडं तसंही असेल. पण शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, उघडून पाहा.

येशूचं क्रूसावरचं मरण मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या चारही शुभवर्तमानांत तपशिलानं सांगितलंय. किती वाजता अंधार पडला, आंब कशात भिजवून दिली, अंगरख्यासाठी चिठ्ठ्या कुणी टाकल्या, सगळं. पण तो कबरेतून उठतानाचं वर्णन एकातही नाही. तिथं चौघेही लेखक गप्प आहेत. पुढे चित्रकारांनी हातात झेंडा घेतलेला येशू रंगवला, भोवती घोरत पडलेले शिपाई रंगवले. त्यांना काहीतरी दाखवणं भाग होतं. शुभवर्तमानात मात्र आपण तिथं पोचतो ते बायकांबरोबर, उजाडता उजाडता, आणि तोवर जे व्हायचं ते अंधारात होऊन गेलेलं असतं. त्या बायका प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्यात. वाटेत त्यांना एकच घोर आहे: कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार? मार्काने ही काळजी टिपून ठेवली याबद्दल मला त्याचं फार कौतुक आहे. जगाच्या इतिहासातली एवढी मोठी सकाळ, आणि बायका बोलतायत धोंडीबद्दल. आपल्या आयाबहिणी तेच बोलल्या असत्या.

आता योहानाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय. येशूची शिष्या मरीया मग्दालीया कबरेबाहेर रडत उभी आहे. मागे वळते तर येशू समोर उभा. ती त्याला पाहते, आणि ओळखत नाही. तिला तो माळी वाटतो. ‘बाई, का रडतेस? कुणाला शोधतेस?’ असं तो विचारतो, तरी नाही. उलट ती त्यालाच सांगते, दादा, तुम्ही त्यांना इथून नेलं असेल तर कुठे ठेवलंय ते सांगा, मी त्यांना घेऊन जाईन. एकटी बाई एका पुरुषाचं प्रेत उचलून नेणार! दुःखात माणूस वजनाचा हिशेब करत नाही.

मग तो एकच शब्द बोलतो. ‘मरीये!’

आणि ती म्हणते, ‘रब्बूनी!’ म्हणजे गुरुजी. योहानाचं सगळं लिखाण ग्रीक भाषेत, पण हा शब्द त्यानं तिच्या बोलीत जसा होता तसाच ठेवला. भाषांतर शेजारी दिलं, पण तिचा शब्द पुसला नाही.

डोळ्यांनी जे झालं नाही ते नावानं हाक मारल्यावर झालं. माझी आई गेली तेव्हा मी चौपन्न वर्षांचा होतो. तिच्याबरोबर माझं एक नावही गेलं. घरात मला आता बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात, गावात सर म्हणतात. पण आई ज्या नावानं हाक मारायची ते नाव उच्चारणारं आता या जगात कुणी नाही. ज्यांचं कुणी गेलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पुनरुत्थानावर माझी श्रद्धा आहे असं मी म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात धर्मशास्त्र किती आणि त्या हाकेची आस किती, हे मला वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, काढूही नये.

मरीयेला तो काय सांगतो? मला धरून बसू नकोस, जा आणि माझ्या भावांना सांग. म्हणजे ही बातमी सगळ्यात आधी ज्या तोंडानं सांगितली ते बाईचं तोंड. आणि बाईच्या साक्षीला त्या काळात फारसं वजन नव्हतं. लूक तर प्रांजळपणे लिहितो की शिष्यांना बायकांचं बोलणं बडबड वाटलं. गोष्ट रचायचीच असती तर कुणी अशी साक्षीदार निवडली नसती, असं अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. पुढे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात उठलेल्या येशूला कुणी कुणी पाहिलं त्याची यादी आहे: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू. बायकांची नावं त्यात नाहीत! ती राहून गेली की गाळली, देव जाणे. चर्चनं मरीयेला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हटलं ते फार पूर्वीच, पण तिच्या स्मरणदिनाला, २२ जुलैला, प्रेषितांच्या सणांइतका दर्जा मिळाला तो पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१६ साली. उशीर झाला खरा.

सणाच्या तारखेबद्दल मला दरवर्षी विचारतात, म्हणून पटकन सांगून टाकतो. ईस्टर तारखेवर चालत नाही, चंद्रावर चालतो, आपल्या सणांसारखाच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा असं इसवी सन ३२५ मध्ये निकेया इथल्या धर्मसभेत ठरलं. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच कुठेतरी येतो. २०२४ साली होळीनंतरच्या रविवारी आला, २०२५ साली हनुमान जयंतीनंतर आठवड्यानं. अंडी आणि ससे युरोपातून आले. मार्झिपानची अंडी मला आवडतात, नातवंडांना त्याहून जास्त. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

आता जरा अवघड जागी येतो. आत्मा अमर आहे, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. ते ऐकतच आपण मोठे होतो. त्यामुळे ईस्टर म्हणजेही तेच, येशूचा आत्मा अमर झाला, असं पुष्कळांना वाटतं. ख्रिस्ती लोकांनाही वाटतं. पण आम्ही दर रविवारी जो विश्वास उच्चारतो त्यात शब्द आहेत ‘देहाचे पुनरुत्थान’. देहाचे. लूक सांगतो की शिष्य घाबरले, त्यांना भूत वाटलं, तेव्हा येशूनं विचारलं, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि तो त्यांच्यासमोर त्यानं खाल्ला. आमच्या किनाऱ्यावर हा भाग वाचला की कोळीवाड्यातली माणसं हसतात. देव आला आणि त्यानं मासे मागितले, याहून ओळखीचं काय असणार?

आणि त्या देहावर जखमा होत्या. मला आज सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हे. जो मरण जिंकून आला त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पुसले गेले नव्हते. शिष्य थोमा म्हणाला, व्रणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्याला आपण ‘अविश्वासी थोमा’ म्हणून हिणवतो, पण त्यानं मागितला तो चमत्कार नव्हता. जखमा दाखवा, एवढंच मागितलं. जखमा नसलेला देव त्याला चालणार नव्हता.

२०१९ साली, २१ एप्रिलला, ईस्टरच्याच सकाळी श्रीलंकेत चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसं गेली. नेगोंबोच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये उठलेल्या येशूची एक मूर्ती होती, तिच्यावर रक्त उडालं. ती मूर्ती तिथं रक्ताच्या डागांसकट जपून ठेवली आहे. धुतली नाही. पुनरुत्थानावर मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली, त्यातली बरीचशी ती धुऊन काढणारी होती: रडू नका, सगळं छान होणार आहे, तो वरच्या घरी गेलाय. शोक करणाऱ्याला असं बोलून गप्प करू नये. येशूनं मरीयेला रडू नकोस असं म्हटलं नाही. का रडतेस, असं विचारलं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. येशूला पकडलं त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात थंडी होती म्हणून नोकरांनी कोळशाचा विस्तव केला होता. त्या विस्तवाशी शेकत पेत्र तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला. ईस्टरनंतर एका पहाटे तो आणि सोबती रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परतत होते. किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, उजव्या बाजूला टाका. जाळं भरलं, योहान आकडासुद्धा देतो, १५३ मोठे मासे. आकडा एवढा नेमका, की कुणीतरी खरंच बसून मोजले असणार. आणि किनाऱ्यावर काय होतं? कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर. योहानानं दोन्ही ठिकाणी एकच ग्रीक शब्द वापरलाय, आणि नव्या करारात तो दुसरीकडे कुठेही येत नाही. ‘या, न्याहारी करा,’ येशू म्हणाला. न्याहारी झाल्यावर तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस का? ज्या विस्तवाच्या वासानं पेत्राला आपली लाज आठवत असणार, त्याच वासात त्याला जेवायला बसवलं. अपराधाचा ‘अ’सुद्धा न काढता.

ऐकण्याबद्दल बोलतोय तर पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८३ साली त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, आणि ते शिक्षण राहिलं, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. तिकडेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळात टाकून दिलेल्या मुली आणि विधवा यांची नावं धरून हाक मारणारी ही बाई. केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, ईस्टर अकरा दिवसांवर असताना. मुलीच्या मागे राहिलेल्या त्या महिन्यांत पुनरुत्थानाच्या ओळी त्यांच्या डोळ्यांखालून जाताना त्यांना काय ऐकू आलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

एक आठवण आणखी. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर. टाळेबंदी होती, चर्चला कुलूप. आदल्या रात्री सगळे आपापल्या घरी मोबाइलवर जागरणाची मिस्सा पाहत होते. आमच्या गल्लीत कुणाचं नेटवर्क पुढे, कुणाचं मागे. त्यामुळे धर्मगुरूंनी ‘आलेलुया’ म्हटलं ते आधी कोपऱ्यावरच्या घरातून ऐकू आलं, मग चार सेकंदांनी आमच्या घरात, मग समोर, मग विहिरीपलीकडे. एकच शब्द घराघरांतून मागेपुढे चालत गेला. समोरच्या घरात आठवड्यापूर्वी माणूस गेलं होतं. पुरायला मोजकीच माणसं जाऊ शकली होती. त्या घरातून तो शब्द सगळ्यात उशिरा आला. पण आला. खिडकीत उभा राहून मी तो ऐकला, आणि त्यानंतर कितीतरी वेळ मला आत येऊन बसवलं नाही.

आज रात्री आमच्याकडे चर्चच्या आवारात दिवे घालवून आधी विस्तव पेटवतील. त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतील. तिच्यावर या वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि पाच जखमांचे पाच धूपाचे दाणे टोचलेले असतात. तिच्यावरून एकेक करत सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या. मग अंधारातच बसून जुन्या करारातले पाठ, बरेच लांब. लहान मुलं झोपतात, मोठेही डुलक्या घेतात, मीही घेतो. आणि मग गौरवाचं स्तोत्र सुरू होतं आणि कुणीतरी धावत जाऊन दोर ओढतं.

वसईच्या बाजूला राहत असाल तर रात्री खिडकी उघडी ठेवा. वारा पश्चिमेचा असेल तर पार रेल्वेलाइनपर्यंत ऐकू येते.

नमस्कार.