आज किती जोर लावायचा?

नमस्कार मंडळी! व्यायाम करा करा म्हणून सगळेच सांगतात, मी नाही सांगणार, मला बोलायचंय ते आज किती जोर लावायचा हे कसं ठरवायचं यावर.

हल्ली ज्याच्या त्याच्या मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ. मग मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, तर २२० वजा वय, म्हणजे पन्नाशीचा माणूस १७०, नि निघाले त्या आकड्यामागे. अहो ती नुसती सरासरी, एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो, आणि त्यात आपलं कोकण! मे महिन्यात सकाळी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याला चक्कर मारली तरी अंगाला घामाच्या धारा, नि तो घाम सुकतच नाही कारण हवेतच एवढा ओलावा. घाम उडाला तरच अंग निवतं, नाही उडाला की हृदयाला कातडीकडे जादा रक्त ढकलावं लागतं, म्हणजे चाल तीच नि ठोके मात्र वाढलेले. लगेच स्टॅमिना गेला म्हणून घाबरायचं नाही, हवाच तशी.

मग मोजायचं कशाने? तोंडाने! चालताना सोबतच्या माणसाशी गप्पा होतायत पण गाणं म्हणायला गेलं की श्वास पुरत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांतच धाप लागली तर जोराचा. आख्खी आरती म्हणता आली तर हलका, आणि अंग जड असेल त्या दिवशी हलका पण चालतो की. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तर माणसाला स्वतःलाच विचारायची पट्टी काढली, ६ म्हणजे नुसतं बसलोय, २० म्हणजे आता बस्स. ६ पासूनच का, तर तरुण निरोगी माणसात पट्टीवरच्या आकड्याला १० ने गुणलं की साधारण ठोके मिळतात.

भाट्याच्या किनाऱ्याला जाणाऱ्यांची तर मजाच आहे. ओहोटीला पाण्याकडची ओली वाळू घट्ट असते, तिथून आरामात चाला, अंगात जोर वाटला तर वरच्या कोरड्या वाळूत या, पाय रुततात नि तेवढ्याच अंतराला दुपटीच्या आसपास ताकद जाते. वेग वाढवायची गरजच नाही.

आणि दिवसभर भातलावणीला वाकलात किंवा रापण, म्हणजे मासे पकडायचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढलीत तर संध्याकाळी परत जिमला कशाला जायचं? जागतिक आरोग्य संघटना मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं सांगते ती आठवड्याला, आणि शेतातले कष्ट पण त्यात धरलेत.

नुसता कंटाळा आहे की खरंच थकवा, हे कळत नसेल तर दहा मिनिटं हळू चालून बघा, अंग मोकळं झालं तर पुढे जा, नाहीतर सरळ घरी या. ताप असेल तर मात्र ट्रायल पण नको. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं, बरोबरच्याला सांगायचं नि डॉक्टर गाठायचा.

आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनो, त्यातली बीटा ब्लॉकर नावाची जात ठोके फारसे वाढू देत नाही, घड्याळ म्हणणार तुम्ही आरामात आहात नि इकडे तुमची बोलती बंद! तुमची गोळी त्यातली आहे का ते पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारून घ्या, आणि असेल तर घड्याळ फक्त वेळ बघायला वापरा.