बाजेवरची महाधमनी

अध्यक्ष महाराज, डॉक्टर मंडळी आणि मागच्या रांगेत एसीखाली जागा धरलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘ग्राफ्टच्या शस्त्रक्रियेसाठी दिशादर्शक कॅथेटरची रचना’. एवढ्या नावावर मे महिन्यात दुपारी चारला लातुरात हॉल भरला, याचं श्रेय मी एसीलाच देतो.

डॉक्टरांना मी काय सांगावं? पोटातली महाधमनी साधारण २ सेंटीमीटर रुंद. ती फुगत पुरुषांमध्ये ५.५ पर्यंत गेली, की दुरुस्तीचा विषय निघतो. पूर्वी पोट उघडायचे. १९९० मध्ये अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला, हुआन पारोदी यांनी जांघेतून नळी घातली आणि ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून अस्तर देणारी कापडी नळी, आत नेऊन उघडला. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, आताच्या युक्रेनमधल्या खारकीव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत हे केलं होतं. त्यांचं नाव आपल्याकडं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो.

फुगवटा किडनीच्या धमन्यांपर्यंत चढला असेल तर किडनीकडं रक्त जावं म्हणून ग्राफ्टला खिडक्या ठेवाव्या लागतात. प्रत्येक खिडकीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, बाहेर काढून पलीकडच्या धमनीत घालायचा, तेही एक्स-रेच्या सपाट चित्राकडं बघत. वाट दिसेना की धमनी एक्स-रेत उठून दिसावी म्हणून डाय सोडा. म्हणजे किडनी वाचवायला निघालो आणि डायचा त्रास किडनीलाच. डॉक्टर तासन्‌तास शिशाचा एप्रन घालून उभे. म्हणून कॅथेटरच्या टोकात केसापेक्षा बारीक तारेची कॉइल बसवतात आणि पेशंटजवळ बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. कॉइलमध्ये जी वीज उपजते तिच्यावरून टोक कुठं आहे आणि तोंड कुठं करून आहे ते कळतं.

माझं जुनं दुखणं इथंच सुरू होतं. या क्षेत्राचं लोखंडाशी वैर. लोखंड जवळ आलं की टोक दाखवणारा पडद्यावरचा ठिपका सरकतो. एका कॉलेजात (नाव घेत नाही, प्राचार्य अजून माझे मित्र आहेत) मी चाचणीसाठी लाकडी टेबल मागितलं. स्टोअरनं कळवलं, रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त स्टीलचं बसतं. मी कारण लिहून दिलं. उत्तर आलं, स्टीलचं जास्त टिकतं. पुन्हा लिहिलं, तर त्याच स्टीलच्या टेबलावर वरून सनमायका चिकटवून आला! हसा, हसा, तुमच्यातले निम्मे उद्या स्टोअरच्या खिडकीशी उभे असणार आहेत.

शेवटी एका विद्यार्थ्यानं औशाकडच्या त्याच्या गावाहून टेम्पोत घालून बाज आणली. बाभळीचं लाकूड, सुंभाची वीण, खिळा औषधालाही नाही, सगळं लाकडात लाकूड ठोकलेलं. निघताना आजोबांनी विचारलं म्हणे, “कामून रं, दवाखान्यात कॉटा न्हाईत का?” त्या बाजेवर आम्ही सिलिकॉनची महाधमनी मांडली, पाणी भरलं, आणि ठिपका पहिल्यांदा गप उभा राहिला. शिपाईमामा स्टीलच्या ट्रेमध्ये चहा घेऊन आले की मात्र ठिपका थेट किडनीबाहेर. चहा कागदी कपात हातानंच आणायचा, असा ठराव केला. बाजेला झोळ यायचा, महाधमनी मधोमध खाली बसायची. मग रोज सकाळी एकानं दावण ओढून ताणायची. इंजिनिअरिंगची पदवी घेताना तो मुलगा हे कौशल्यही शिकून गेला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मग जे सांगायला आलो ते पटकन सांगतो.

सगळे जण टोकाची अचूकता मिलिमीटरनं मोजत बसतात. पण ज्या सीटी स्कॅनवर आपण टोक दाखवतो, तो स्कॅन ऑपरेशनच्या आधीचा. जाड, ताठ वायर आत गेली की वेड्यावाकड्या धमन्या सरळ होतात, किडनीच्या धमन्यांची तोंडं हलतात. श्वासाबरोबर ती हलतात ते वेगळंच. बांध सरकला तरी मोजणीचा नकाशा जुनाच दाखवतो, तशातली गत. ठिपका अचूक असतो, पण चुकीच्या जागी अचूक.

म्हणून माझं म्हणणं असं, की टोकाचं अंतर ग्राफ्टच्या खिडकीपासून मोजा. खिडक्यांचा ग्राफ्ट आधी अर्धवटच उघडतात, तो दोऱ्यांनी आवळलेला असतो. तेवढ्या वेळात, ग्राफ्ट नेणाऱ्या नळीवरही कॉइल असतील तर खिडकी कुठं आहे ते कळतं. ग्राफ्ट हलला, पेशंटनं श्वास घेतला, तरी दोन्हीकडच्या कॉइल एकत्रच हलतात. सीटी फक्त तिथपर्यंत पोचायला वापरा. खिडकीपलीकडचं धमनीचं तोंड शोधायला डाय लागेलच, पण थोडा.

आता कॅथेटर. त्याची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तेव्हा ६ फ्रेंचचा कॅथेटर बाहेरून २ मिलिमीटर झाला. त्यातच वायरची वाट, तारांची वाट, भिंत. एका कॉइलला स्वतःभोवतीची गिरकी कळत नाही. म्हणून एकमेकींशी तिरक्या दोन कॉइल हव्यात, आणि जागेची मारामारी सुरू होते. जांघेपाशी मूठ फिरवली की टोक लगेच फिरावं म्हणून भिंतीत स्टीलची जाळी विणतात. स्टील आलं की पुन्हा तेच वैर, तेव्हा जाळी कॉइलच्या अलीकडंच थांबवायची. त्यापुढं टोक मऊ ठेवायचं, नाहीतर धमनीला भोक पडतं. ग्राफ्टच्या कड्या नायटिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, असतील तर त्या स्टीलइतका त्रास देत नाहीत, एवढं आपलं नशीब.

निर्जंतुकीकरण आणि किंमत राहिली. कॅथेटर एकदा वापरून टाकायचा, त्यामुळं कॉइल स्वस्त झाल्याशिवाय आपल्या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत हे यायचं नाही. वाळूजच्या कारखान्यांत इतक्या बारीक तारेची कॉइल गुंडाळणारं कुणी माहीत असेल, तर प्रश्न राहू द्या, आधी त्याचा नंबर द्या.