हजारावर, किलोवर, किलोमीटरवर

(हर्णै बंदर, दापोली तालुका. संध्याकाळ.)

बैलांच्या पोटाला पाणी लागलंय, तरी गाडीवान त्यांना पुढेच हाकतोय. मोठ्या होड्या इथे वाळूपर्यंत येत नाहीत, म्हणून मासळी आणायला बैलगाडीच समुद्रात घालायची. ही पद्धत जुनी आहे. कॅमेऱ्याला आवडते म्हणून आम्ही ती जरा जास्तच दाखवणार आहोत.

किनाऱ्यावर लिलाव सुरू झालाय. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा. बोली इतकी भराभर चढते की नवख्याला आकडा कळेपर्यंत टोपली उचललेली असते. आणि या गर्दीत, डोक्याला टॉवेल बांधून मासळी निवडायला बसलेली ही बाई हर्णैची नाही. ती सोलापूरहून आलीय. रायगडातल्या रेवसपासून इथवर चालत.

तिला सगळे अक्का म्हणतात. आपणही तेच म्हणू.

(सोलापूर. कुंभारी. पहाट.)

अक्का विडी वळते. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहते. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ साली उभी राहिली. ती कुणी आयती आणून दिली नाही, बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले.

हात बघा. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं ती सोडते. पान आधी चाचपून बघायचं. कोरडं राहिलं असेल तर वळताना फाटतं. मग पत्र्याचं माप पानावर ठेवायचं आणि कडेने कात्री फिरवायची. एका पानातून किती तुकडे निघतात यावर पुढचा हिशेब. पानं कारखान्यातून वजनावर मिळतात, विड्या मात्र मोजून द्याव्या लागतात. पान खराब निघालं, कमी पडलं, तर बाईने पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचं.

सूप मांडीवर, सुपात तंबाखू. चिमूटभर पानात, एक वळसा, टोक आत, दोऱ्याचे फेरे, तुटला दोरा. झाली विडी. दिसलं नाही ना? तेच दृश्य मंद गतीने दाखवतो.

(मंद गती. फक्त कात्रीचा आणि पानाचा आवाज.)

आता पुन्हा मूळ वेगाने.

पंचवीस विड्यांचं एक बंडल. अशी चाळीस बंडलं म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. तास किती लागले हे कुणी विचारत नाही. कारखान्यात माल तपासणारा त्यातल्या नापसंत विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. हे सगळं घराच्या उंबऱ्याशी बसून चालतं, त्यामुळे बायको काय करते असं विचारलं तर सोलापुरात आजही कितीतरी नवरे सांगतात, “काही नाही, घरीच असते.”

विडी कामगारांसाठी कायदा झाला १९६६ साली. कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. विडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. २०१७ साली जीएसटी आला आणि उपकर गेला. शिष्यवृत्तीची योजना कागदावरून गेलेली नाही, पण नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या पोरीच्या आईला विचारा ती रक्कम कुठे पुरते. आम्ही विचारलं. तिने फीची पावती कॅमेऱ्यासमोर धरली आणि आत निघून गेली.

रेवस ते रेडी अशी किनाऱ्याने चाललेली ही पदयात्रा. तिचं कारण हेच. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलींची फी.

सोलापूरकराला चालणं नवं नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना जातात, आणि त्यांच्या मागे निम्मं शहर. आषाढीला तर सगळ्या पालख्या आमच्याच जिल्ह्यात येऊन पोचतात. पण किनाऱ्यावर चालायचं, तेही देणगीसाठी? पूर्व भागातल्या पहिल्या बैठकीत एकाने विचारलंच, “समुद्र कुठं, आपण कुठं बे?”

यावर अक्काने तोड काढली. देणगीदाराने ठोक रक्कम द्यायची नाही, किलोमीटरमागे कबूल करायची. कुणी रुपया, कुणी पाच, चादरीच्या एका व्यापाऱ्याने दहा. विडी हजारावर, यंत्रमागाची मजुरीही मालावर, मग चालण्याचे पैसेही मोजूनच घ्यायचे. आणि वाटेत कुणी आपणहून दिलं तर पावतीपुस्तक होतंच, पाठीवरच्या फलकावर क्यूआर कोडही.

बरोबर कोण? निवृत्त मास्तर, गळ्यात तुळशीची माळ. यंत्रमागावरचे एक अण्णा. कॉलेजातल्या दोन मुली, दोघींच्या आया विडी कामगार. अक्काने समुद्र पाहिला नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. पाहिला होता तिने. मुंबईला, मोर्चात.

(रेवस. सकाळ.)

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा सांगतात. रेवस ते रेडी हा त्यातला दक्षिणेकडचा मोठा भाग. नकाशात तो सलग दिसतो, पायाला तसा लागत नाही. दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, सगळीकडे फेरीबोट. पहिल्याच बोटीत वाद. पाण्यावरचं अंतर धरायचं की नाही? अण्णा म्हणाले, “बसून गेलेल्याचे पैसे कशाला घ्यायचे?” विषय संपला.

दुसरी गोष्ट भरतीची. ओली, घट्ट वाळू पायाला सोपी, कोरडीत पाय घोट्यापर्यंत रुततो. म्हणजे ओहोटीलाच चालायचं. पण ओहोटी रोज वेगळ्या वेळी. मोबाइलवर वेळापत्रक मिळतं, रेंज मात्र मिळतेच असं नाही. एका कोळ्याने मास्तरांना तोंडी हिशेब दिला. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. म्हणजे बाराच्या सुमाराला वाळू मोकळी, आणि डोक्यावर ऊन. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला लागायचं.

मास्तर खूश. आयुष्यभर एकादशी धरलेला माणूस, तिथी कुणाला विचारायची गरजच नाही. एकादशी, अकराची पाऊणपट, सव्वाआठ. त्या दिवशी उपास, आणि सव्वादोनच्या आसपास पूर्ण ओहोटी. “पांडुरंगाने इथलंही वेळापत्रक बसवून ठेवलंय,” असं म्हणत ते चपला हातात घेऊन निघाले. हे दृश्य त्यांनी आम्हाला परत करायला लावलं, तेव्हा थोडे सावकाश चालले आहेत.

दिवेआगर, श्रीवर्धन. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्यावर चढलं. सुपारीच्या, नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आता दिसताहेत ती त्यानंतर लावलेली झाडं. सुपारीला धरायला वर्षं जातात, तोवर वाट बघायची. बागेच्या मालकाने शहाळी दिली, पैसे घेतले नाहीत, उलट पावती फाडून घेतली.

पुढे वेळास. नाना फडणविसांचं गाव, आता ओळखलं जातं ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत वाळूत अंडी घालून निघून जातात. गावकरी ती घरटी कुंपणाच्या आत हलवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलली की कळतं. ही बघा, आता उचलतायत.

(टोपली. वाळू. पिल्लं. निवेदन थांबवावं.)

मुक्काम एका घरी. अंथरुणं आली, वर चादर. अण्णांनी आधी कोपरा उलटला, विणीवरून बोट फिरवलं. “आपली नाही ही.” सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तेच नाव लावून बाहेरचा माल विकला जातो, हे अण्णांचं जुनं दुखणं. घरमालकीण ओशाळली. तिचा काय दोष? अण्णांनी पिशवीतून स्वतःचा सोलापुरी टॉवेल काढून तिच्या हातात ठेवला आणि विणीतला फरक समजावून सांगितला. बराच वेळ. ते आम्ही कापलं आहे.

हर्णै सुरुवातीला पाहिलंच. दाभोळपासून गणपतीपुळ्यापर्यंतचा टप्पा चालून झाला, पण कॅमेरा दुरुस्तीला गेल्यामुळे त्याचं चित्रीकरण नाही.

(रत्नागिरी. मिरकरवाडा.)

हे चित्रीकरण व्हावं असा अक्काचाच हट्ट. बंदराजवळची शेड, ओली फरशी, कोळंबीचे ढीग, भोवती बायका. डोकं मोडायचं, कवच ओढायचं, पाठीतला काळा दोरा काढायचा, सोललेली कोळंबी टोपात. मजुरी किलोवर.

अक्का आधी उभी होती. मग खाली बसली. मग तिने न विचारता एक कोळंबी उचलली. समोरची हसली आणि मराठीत काहीतरी म्हणाली, पण हेल अक्काने ओळखला. “याव ऊर री?” कुठलं गाव, असं तिने विचारलं. विजापूरकडची निघाली. त्यानंतरचं सगळं बोलणं कानडीत. सोलापूरच्या माणसाला घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कानडी असली की त्याचं कुठे अडत नाही.

दोघी काय बोलल्या? दिवसाला किती होतं. तुमच्यात खराब माल कोण काढतं. वजनाचा काटा कुणाचा. मग हात. विजापूरकडच्या बाईने पंजे पुढे केले. बर्फाच्या पाण्याने बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, कोळंबीचा काटा शिरून शिरून नखांच्या कडा उललेल्या. अक्काने आपला उजवा अंगठा दाखवला, कात्रीच्या कडीने पडलेला घट्टा. दोघींनी एकमेकींची बोटं दाबून बघितली. कोवळ्या आहेत की जून म्हणून भेंड्या मोडून बघाव्यात तशी.

उठताना त्या बाईने पदराच्या गाठीतली नोट काढली. अक्का नको म्हणाली. तिने ऐकलं नाही. पावतीवर नाव लिहू दिलं नाही, “शाळा” एवढंच लिहायला लावलं. या पदयात्रेत मोठ्या रकमा मिळाल्या, त्या देणाऱ्यांचे फोटोही निघाले. आमच्याकडे या पावतीचा जवळून घेतलेला शॉट आहे, तोच दाखवतोय.

पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. कलमांना कैऱ्या लटकलेल्या, उकाडा वाढलेला. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची वाट, खाली पाणी. मुलींपैकी एकीच्या टाचेला फोड आला, तिने दोन दिवस एसटीने प्रवास केला आणि तेवढे किलोमीटर वहीत स्वतःच्या नावासमोर खोडले.

(मालवणजवळचा किनारा. पहाट उलटून गेलेली.)

आता रापण. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून आलीय. दोराची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांच्या रांगा. ओढायचं, मागे जायचं, शेवटच्याने दोर सोडून पुढे येऊन पुन्हा धरायचा. म्हातारे, पोरं, बायका, सगळे. एकाने विचारलं, “तुमी खंयचे?”

“सोलापूर.”

“आनि चलत इलात? मगे गाडी गावाक नाय?”

हसण्यात दोर हातात आला. मास्तर, अण्णा, मुली, सगळे ओढायला लागले. दोर खारट, ओला, तळहात सोलणारा. कॅमेरावाल्यालाही कुणीतरी हाक मारली, म्हणून हा पुढचा शॉट वाकडा आहे. जाळं जवळ आलं की माणसांचा वेग वाढतो, दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, आणि मधल्या झोळीत चांदी हलायला लागते. तारली, पेडवे, थोडे बांगडे.

इथे मजुरी नसते. वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. खोल समुद्रात पर्ससीन, म्हणजे थवा घेरून खालून आवळायची जाळी आणि एलईडी दिवे लावून मासळी आधीच उपसली जाते, किनाऱ्याला काय येणार, ही रापणकारांची वर्षानुवर्षांची तक्रार. हातात आलेली तारली बघून ती तक्रार खोटी वाटत नाही. तरी ओढणाऱ्याला वाटा द्यायचा म्हणजे द्यायचा. माळकरी मास्तरांनाही मिळाला. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी पिशवी घेतली आणि मुक्कामापर्यंत अंगापासून हातभर लांब धरली. अक्काने सोलापुरी काळं तिखट घालून तारली केली. मास्तरांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, लांब बसून.

(शिरोडा. मिठागर.)

पांढरे ढीग, लाकडी फावडी, डोळ्यांवर येणारं ऊन. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर उतरलं आणि इंग्रजांनी तिथे मार्शल लॉ पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मास्तरांनी ही चार नावं मिठागरावरच्या माणसाला न अडखळता सांगितली. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, विडीला मजुरी काय पडते?

रेडीला चालणं संपलं. गणपतीचं दर्शन, पलीकडे तेरेखोलची खाडी, मग गोवा. वहीतल्या किलोमीटरांची बेरीज मुलींनी केली, बोटीतलं आणि एसटीतलं अंतर वजा करून.

कबूल केलेल्यांपैकी बहुतेकांनी पैसे दिले. तिघींची यंदाची फी भरली, चौथीची अर्धी. अक्का दुसऱ्या दिवशी कामाला बसली.

पुढच्या वर्षी रेवसच्या उत्तरेला, वसईपासून बोर्डीपर्यंत. नावं गड्डा झाला की घेणार आहोत.