पोटाला मार, खांद्यात कळ

नमस्कार मंडळी. आज अंडाशयाला होणाऱ्या इजेबद्दल बोलायचंय. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ओव्हरी’ लिहिलेलं असतं ना, तेच ते. बदामाएवढे दोन अवयव, कंबरेच्या हाडांच्या कड्यात खोल बसलेले. त्यामुळं पडलं-धडपडलं तरी त्यांना सहसा काही होत नाही. होतं ते बहुधा अंडाशयावर आधीच गाठ असली तर. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात धडधाकट बाईलाही अशी छोटी गाठ होते आणि आपसूक जिरते. जिरायच्या आत तिच्यावर मार बसला तर ती फुटून रक्त पोटात सांडतं. कधी मार न लागताही फुटते.

आता गोष्ट. पंचगंगेपलीकडच्या एका गावातली पोरगी, वय 19. तालमीत सराव करताना जोडीदारणीचा गुडघा ओटीपोटावर बसला. संध्याकाळी पाचची वेळ. रात्री अकराला आज्जी तिला माझ्याकडं घेऊन आली. “काय झालं गं?” तर म्हणते, “काय न्हाई, जरा पडलो.” आमच्या कोल्हापूरच्या पोरी ‘पडले’ म्हणत नाहीत, ‘पडलो’ म्हणतात. पुण्याच्या माझ्या नणंदा त्यावर हसतात. हसू देत. मला ते फार आवडतं.

वाटेत एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथं पित्ताची गोळी मिळाली. घरी ओवा झाला, शेक झाला. आज्जी म्हणाली, “बाई, पित्त हाय म्हणत्यात. पर लागलंय पोटाला, अन खांदा का दुखाय लागलाय? आडवी झाली की लईच दुखतोय.”

मी हातातला कप खाली ठेवला.

छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. पोटात सांडलेलं रक्त तिथवर पोचलं की पडद्याची नस चाळवते. ती नस मानेतून निघते, खांद्याच्या नसांच्या शेजारून. म्हणून कळ खांद्यात. पुन्हा सांगते: मार पोटाला आणि कळ खांद्यात, तर पोटात रक्त सांडतंय का ते आधी बघायचं.

पोरीची नाडी 124, म्हणजे फारच जलद, वरचा रक्तदाब मात्र 110, म्हणजे ठीकच. तरणं शरीर असं फसवतं. बरंच रक्त जाईपर्यंत दाब धरून ठेवतं. हिमोग्लोबिनही सुरुवातीला बरं दिसतं. सोनोग्राफीत ओटीपोट रक्तानं भरलेलं. गरोदरपणाची तपासणीही केली, कारण गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला गर्भ फुटला तरी चित्र हुबेहूब हेच दिसतं. ही तपासणी सांगितली की घरचे डॉक्टरवर चवताळतात. चार थेंब लघवीत कुणाचं चारित्र्य मोजत नाहीत हो! आज्जी शहाणी, म्हणाली, “करा काय ती.”

दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. लिटरभराहून जास्त रक्त ओढून काढलं, फाटलेल्या जागी टाके घातले, अंडाशय तसंच ठेवलं. बाहेर आले तर आज्जी दारातच उभी. मला वाटलं, आता लग्नाचं आणि पोराबाळांचं विचारणार. मी उत्तर तयारच ठेवलं होतं, की एक अंडाशय गेलं असतं तरी दुसऱ्यावर मूल होतं. तर म्हातारी विचारते, “तालमीत कवा जायचं हिनं?”

वेळ संपत आलाय, राहिलेलं भराभर सांगते. फुटलेल्या प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागत नाही. नाडी, दाब ठीक असेल तर दवाखान्यात ठेवून, पुन्हा पुन्हा रक्त आणि सोनोग्राफी तपासून भागतं. दुसरा प्रकार पीळ पडण्याचा. गाठीच्या वजनानं अंडाशय देठाशी पिळवटतं. एका बाजूला एकदम कळ, सोबत उलट्या. हे उद्यावर ढकलायचं नाही. पीळ लवकर सोडवला तर काळंनिळं झालेलं अंडाशयही बऱ्याचदा वाचतं.

ओटीपोटात जोराची कळ, घेरी, अंगाला गार घाम, खांद्यात दुखणं, यातलं काही दिसलं तर 108 ला फोन करा. पाळीची शेवटची तारीख लक्षात ठेवून या, डॉक्टर ती विचारणारच. आणि कृपा करून पेशंटला चहा पाजू नका. आपल्याकडं कुणी पडलं की पहिल्यांदा चहा ठेवतात! भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. चहा सोबत आलेल्यांनी प्यावा, तोही पेशंट आत गेल्यावर.

ती पोरगी दीड महिन्यानं तपासायला आली. आज्जी सोबत होतीच. “खांदा?” मी विचारलं. “खांदा झ्याक हाय,” आज्जीच बोलली, “आता गुडघा दुखतोय. माझा.”

नमस्कार.